अक्कांची चुकलेली नाणी

अक्का सुटे पैसे मोजायच्या नाहीत, बघायच्या. कुणी हातावर चार नाणी ठेवली की त्यांतलं एकेक उचलायचं, उजेडाकडे धरायचं, पालथं करायचं, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि मग पदराच्या गाठीत टाकायचं. पैसे कमी आलेत की जास्त, ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. कमी देऊन गेलेली गिऱ्हाइकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मी म्हणायचे, "अक्का, त्या बाईनं आठ आणे कमी दिले." अक्का म्हणायच्या, "देईल ग उद्या. पण बघ ना, सगळी कशी सरळच्या सरळ. एकात पण काही नाही." आणि खरोखरच हिरमुसायच्या.

चामराजपेटेतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खिडकीत चटणीपूड आणि सांबारपूड विकायला ठेवलेली असे. खिडकीशेजारच्या खोलीत धाकटा मुलगा वसंत याचं शिवणकाम. मागच्या दोन खोल्यांत थोरला मनोहर आणि त्याची बायको शोभा. मनोहर कारखान्यात होता. आणि जिन्याखालच्या खोलीत मी, भाडेकरू.

मी निपाणीकडची. आमच्या घरात तंबाखूच्या वखारीच्या पलीकडचं जग कुणी पाहिलेलं नव्हतं. माझ्या आधी आमच्यात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत असे आणि आताही सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? परीक्षा देऊन विमा ऑफिसात लागले आणि नव्वदच्या सुरुवातीला ट्रंक घेऊन बेंगळुरूत उतरले. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, चामराजपेटेत जुनी मराठी माणसं आहेत, खोली मिळेल. अक्कांनी दार उघडलं, मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "काय शिकलीस?"

"बी. कॉम.," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असणार.

"अय्यो! मग तुला उंबऱ्यावर कशाला उभं करू? ये, ये." आणि आत तोंड करून, "शोभा, स्वल्प कॉफी टाक. बीकॉम आली आहे."

त्या दिवसापासून मी त्या घरात बीकॉम. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंकाच आहे. "बीकॉम, जेवलीस का?" "बीकॉम, केस किती गळतायत तुझे, तेल लाव." गल्लीतल्या फुलवालीला त्या सांगायच्या, "आमच्याकडे बीकॉम राहते," जसं काही मी एखादी मूर्ती आहे आणि तिची स्थापना त्यांच्या जिन्याखाली झाली आहे. माझ्या आईनंसुद्धा माझ्या डिग्रीचं एवढं कौतुक केलं नव्हतं, कारण तिला ती काय चीज आहे ते कळलंच नव्हतं.

दिसायला अक्का म्हणजे ठेंगणीठुसकी मूर्ती, नाकात चमकी, हातात जुन्या सोन्याच्या पाटल्या. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर, अर्धं मराठी अर्धं कन्नड. पोटच्या मुलांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. नवरा गेलेला. ते सिटी बसमध्ये कंडक्टर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा फोटो भिंतीवर होता, पण अक्का फोटोला हार घालायच्या नाहीत. हार घालायच्या तो फोटोखालच्या खुंटीला टांगलेल्या अण्णांच्या कंडक्टरच्या चामडी पिशवीला.

ती पिशवी मला आत उघडून दाखवायला अक्कांना बरेच महिने लागले. त्याआधी नाण्यांचं हे काय वेड आहे, ते मला एकदा बसमध्ये थोडंसं कळलं होतं.

आम्ही दोघी शिवाजीनगरला निघालो होतो, मला कपाट घ्यायचं होतं. पुढच्या बाकावरच्या माणसानं कंडक्टरनं दिलेलं रुपयाचं नाणं परत केलं. "हे चालणार नाही, दुसरं दे." कंडक्टर वैतागला. दोघांची जुंपली. अक्का ताडकन उठल्या, चालत्या बसमध्ये दांडीला लोंबकळत पुढे गेल्या, पदराची गाठ सोडून चांगला रुपया त्या माणसाला दिला आणि ते नाणं कंडक्टरकडून मागून घेतलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं सोन्याची मोहर मिळाली. खिडकीपाशी येऊन त्यांनी ते फिरवून पाहिलं आणि एकदम विझल्या.

"काय झालं?"

"हे कुणीतरी रुळावर ठेवून चेपलंय ग. मुद्दाम केलेलं."

"मग?"

"मग काय? मुद्दाम केलेलं चालत नाही. आणि मागून झालेलं पण चालत नाही. जन्माला येतानाच चुकलेलं पाहिजे." रुपया तर गेलाच होता. उतरताना त्यांनी ते चेपलेलं नाणं एका पोराला खेळायला देऊन टाकलं.

पिशवी मी पाहिली ती मनोहरच्या वाढदिवसाला. त्या घरात वाढदिवसाची एक रीत होती, ती मी आणखी कुठेही पाहिली नाही. ज्याचा वाढदिवस, त्यानं पाटावर बसायचं. अक्का पिशवी काढायच्या, तिच्या एका कप्प्यातून त्याचं नाणं काढायच्या आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायच्या. मूठ मिटायची, आणि उजव्या हातानं केसरीभात खायचा. खाऊन होईपर्यंत मूठ सोडायची नाही. मग नाणं परत कप्प्यात. कारखान्यात युनियनसमोर भाषण ठोकणारा मनोहर, मिशीला पीळ असलेला, डावी मूठ मिटून लहान मुलासारखा केसरीभात खात होता.

मला हसू आलं असणार. अक्कांनी पाहिलं. मुलं उठून गेल्यावर म्हणाल्या, "हसतेस काय? बस इथं."

आणि त्यांनी धुतलेल्या पांढऱ्या पंच्यावर एकेक नाणं मांडलं.

मनोहरचं पन्नास पैशाचं होतं. एका बाजूला सिंह, नेहमीसारखे. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण आत खचलेले आणि उलट्या तोंडाचे, जसं मेणावर कुणी शिक्का दाबून काढून घ्यावा. वसंतचं फुलासारख्या नागमोडी कडेचं दहा पैशाचं, त्याच्यावरचा आकडा एका अंगाला घसरून अर्धा नाण्याबाहेर पडलेला, उरलेल्या जागी नुसती गुळगुळीत चंद्रकोर. अक्कांचं स्वतःचं चार आण्याचं, त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. शोभाच्या नाण्यावर प्रत्येक आकडा दोनदा उठलेला, डोळ्यांत पाणी आल्यावर दिसतो तसा.

"टांकसाळीत मशीन चुकतं कधी कधी," अक्का म्हणाल्या. "लाखात एखादं. तपासणाऱ्याची नजर पण चुकते. मग ते बाहेर पडतं बिचारं. बाजारात कुणी घेत नाही, म्हणतात खोटं आहे. खोटं कसं? सरकारच्याच घरात जन्मलं. ह्याच्या, अण्णाच्या, बसमध्ये रोज भांडणं. पॅसेंजर म्हणणार मला नको, दुसरा म्हणणार मला नको. शेवटी हा आपला पैसा बॅगेत टाकायचा आणि ते खिशात घालून घरी आणायचा."

मनोहर जन्मला त्या दिवशी अण्णा ड्युटीवर होते. निरोप आला तेव्हा त्यांच्या हातात हे दोन सिंहांचं नाणं होतं, एका पॅसेंजरनं नुकतंच भांडून परत केलेलं. ते तसंच मुठीत धरून ते दवाखान्यात पळत आले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर मुठीत नाणं. नर्स म्हणाली, सोनं आणलंत की काय? अण्णा म्हणाले, "कुणी घेईना, म्हणून घरी आणलं." तिथून ही रीत पडली. घरात माणूस आलं की त्याला त्याचं नाणं. विकत आणायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही, आपलं आपण चुकून हाताला यायला हवं. आणि आलं की ते कधी धुवायचं नाही, पुसायचं नाही.

"का?"

"त्याचा हात लागलाय ना त्याला," अक्का म्हणाल्या. खरंच ती नाणी काळपट होती, त्यांच्यावर वर्षांचा मऊ, तपकिरी थर होता. शोभा सून म्हणून आली तेव्हा अण्णा नव्हते. तिचं नाणं अक्कांनी खिडकीत बसून शोधलं. दोन वर्षं मिळालं नाही. शोभा माहेरी जाऊन रडायची म्हणे, की ह्या घरानं अजून मला घेतलंच नाही. ज्या दिवशी चटणीपुडीच्या पैशांत ते दुहेरी आकड्यांचं नाणं आलं, त्या दिवशी अक्कांनी खिडकीतूनच गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली होती, "शोभा, आलीस ग! आलीस!"

पंच्यावर अजून एक नाणं होतं. मी उचललं. दोन्ही बाजूंनी कोरं. सिंह नाही, आकडा नाही, साल नाही, नुसती चकती.

"हे कुणाचं?"

"मनोहर आणि वसंतच्या मधली एक होती," अक्का म्हणाल्या. "थोडेच दिवस राहिली. बारसं व्हायचं होतं." त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पंच्याच्या मधोमध ठेवलं. "हिच्या वाढदिवसाला मी धरते मुठीत."

मला तोपर्यंत वाटत होतं, की ह्या बाईला एक गमतीशीर खोड आहे. त्या दिवशी कळलं, की ह्या बाईनं आपलं सगळं घर एका पिशवीत ठेवलंय आणि ते तिला तोंडपाठ आहे.

अण्णांचं नाणं कुठलं, असं मी विचारलं. अक्का हसल्या. "त्याला कुठलं? त्याची पिशवीच की."

केतन आला तो ह्याच्यानंतर दोनेक वर्षांनी. पुण्याचा पोरगा, सॉफ्टवेअर कंपनीत नवा लागलेला, गोरागोमटा, बोलायला गोड. वसंतकडे पँटी अल्टर करायला आला आणि मराठी ऐकून हरखून गेला. पहिल्याच दिवशी अक्कांना म्हणाला, "काकू, ॲक्चुअली मला इथं मराठी ऐकून इतकं छान वाटलं!" अक्का म्हणाल्या, "काकू कोण रे? अक्का म्हण. आणि जेवून जा." मग तो दर रविवारी जेवायला येऊ लागला. कुणाचं काही वाईट करायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं, हे आधीच सांगते.

मनोहरच्या पुढच्या वाढदिवसाला तो होता. मनोहरची मूठ उघडली आणि केतनच्या हातातला चमचा खाली पडला. त्याला नाणी जमवायचा शौक होता. त्यानं रुमालावर घेऊन, दोन बोटांनी कडेला धरून ते नाणं पाहिलं. "अक्का, हे काय आहे माहितीय का तुम्हाला? हा रेअर पीस आहे! आणि कंडिशन बघा, कुणी कधी पॉलिश केलेलंच नाही!"

मग सगळीच नाणी निघाली. केतन भारावून बोलत होता. हे असं कसं होतं, आधीचं नाणं साच्यातच अडकून राहतं आणि पुढचं त्याच्यावरच आपटतं. कुठलं नाणं संग्राहकांना हवं असतं, कुठलं नाही. मनोहरच्या नाण्याला तर लोक काहीही देतील, शिवाजीनगरला एक जण आहे, त्याला दाखवूया. वसंतचं? "चांगलं आहे, पण कॉमन आहे." शोभाचं, अक्कांचं, "ठीक आहे." कोरं नाणं त्यानं उलटंपालटं केलं. "ही तर नुसती चकती आहे. ह्याला काही व्हॅल्यू नाही," म्हणाला, आणि बोलण्याच्या भरात ते पंच्याच्या बाहेर फरशीवर ठेवलं.

अक्कांनी ते उचलून परत मधोमध ठेवलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. जाता जाता म्हणाला, "आणि एक करा, प्लीज, ह्यांना कधी घासू नका. चिंचबिंच तर अजिबात नाही. एकदा घासलं की संपलं, कुणी हात लावणार नाही."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या.

त्या काळात बेंगळुरूत प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता, साइट, म्हणजे घर बांधायला जमिनीचा तुकडा. अमक्यानं साइट घेतली, तमक्याची साइट गेली. मनोहरनं आनेकलच्या बाजूला एक साइट बघून ठेवली होती. कारखान्यातले चार जण घेत होते. ॲडव्हान्स अडला होता. केतनचं ते 'लोक काहीही देतील' त्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. चार दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "अक्का, माझं नाणं मला दे. शिवाजीनगरला दाखवून येतो."

वसंत मान खाली घालून जेवत होता. तो म्हणाला, "तुझं कसलं? अण्णांनी आणलं. घराचं आहे ते."

"घराचं? प्रत्येकाला वेगळं दिलंय ना? अक्का, तूच सांग. ज्याचं त्याचं म्हणतेस की नाही लहानपणापासून?"

"म्हणते," अक्का म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? नियम त्यांचाच.

"मग झालं."

"हो, झालं!" वसंत उठला. "तुला सिंह आले, साइट तुझी. मला घसरलेले दहा पैसे. कॉमन! मी जन्मलो तेव्हा अण्णांना अजून एखादं बरं नाणं मिळालं नाही होय!" हे तो हसत म्हणाला. पण ताट अर्धवट टाकून निघून गेला.

त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. वसंतच्या मशीनची धडधड पहाटेपासून चालायची, मनोहर आला की जास्तच. शोभा मधल्या मधे पिचली. रोज ती कानडी शेजारणीपाशी बसायची. आणि एका सकाळी मनोहरनं मागच्या खोलीत नवा स्टोव्ह आणून ठेवला. म्हणाला, "आमचं आम्ही करू. साइट झाली की जाणारच आहोत."

अक्कांना मी तेव्हा पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. म्हणजे काम न करता नुसतं बसलेलं. खिडकीत गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं दिलेली नाणी त्यांनी न बघता गाठीत टाकली. "बीकॉम," म्हणाल्या, "ह्या घरात दोन चुली बघायच्या आधी मला न्यायला हवं होतं ग त्यानं." समोर पिशवी होती. "कालपर्यंत ह्यांना माहीत पण नव्हतं, कुठलं मोठं, कुठलं लहान."

"अक्का, पिशवी लपवून ठेवा," मी म्हटलं. मला सुचलं ते एवढंच.

"चोरीची आहेत काय लपवायला?"

शिवाजीनगरचा माणूस आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी येणार, असं ठरलं.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्या घरात जे काही कामाचं, ते सगळं धुऊनपुसून पूजेला लागायचं. वसंतचं मशीन, कात्री, मनोहरची सायकल, अक्कांचा पाटावरवंटा, आणि अण्णांची पिशवी. पिशवीला तेलाचा हात, झेंडूचा हार. नाण्यांना मात्र नुसतं कुंकू. मी सकाळी उठून मागच्या दारी तोंड धुवायला गेले, तर अक्का धुण्याच्या दगडाशी बसलेल्या. पुढ्यात भिजवलेल्या चिंचेचा वाडगा, विटकरीची भुकटी, नारळाची शेंडी. मला वाटलं, समया घासतायत. जवळ गेले तर दगडावर नाणी.

"अक्का! केतन काय म्हणाला होता आठवतंय ना? घासलं तर..."

"आठवतंय ग. म्हणून तर. पाणी घाल."

"अहो पण..."

"बीकॉम, तांब्या घे आणि पाणी घाल."

मी पाणी घातलं. आधी त्यांनी स्वतःचं चार आण्याचं घेतलं, मग शोभाचं, मग वसंतचं. शेंडीवर भुकटी, त्यावर चिंच, आणि अंगठ्यानं दाबून खरखर. तपकिरी पाणी दगडावरून वाहत मोरीत गेलं. मनोहरचं नाणं त्यांनी शेवटी उचललं. ते नाकापाशी नेलं आणि वास घेतला. डोळे मिटून घेतला. त्याच्यावर अण्णांचा हात होता, दवाखान्यापर्यंत पळत आलेला. मी म्हटलं, "अक्का, राहू दे. हे एक तरी राहू दे."

"हेच राहिलं तर बाकीची घासून काय उपयोग?" त्या म्हणाल्या, आणि घासायला लागल्या. सिंह लख्ख झाले. वरून लख्ख झाले, आतूनही झाले, खाचाखाचांत भुकटी घालून त्यांनी ते उजळवले. त्या रडत नव्हत्या. तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि पाटल्या दगडावर आपटत होत्या. कोरं नाणं त्यांनी घासलं नाही. नुसतं पाण्यातून काढलं.

पूजेला सगळे जमले. केतनही आला, चुरमुऱ्यांचा प्रसाद आणि कोहळा फोडायची गंमत बघायला. पिशवीपुढे केळीच्या पानावर नाणी ओळीनं चमकत होती. मनोहरनं पाहिलं आणि हातातला कोहळा खाली ठेवला.

केतन ओरडला, "अक्का, हे काय केलंत! मी सांगितलं होतं ना!"

"तू सांगितलंस म्हणून तर कळलं, बाळा. नीट ध्यानात ठेवलं. आता सांग बघू, ह्यांतलं कुठलं मोठं?"

केतन खाली बसला. त्यानं नाणी रुमालावर घेतली नाहीत, तशीच पाहिली. बराच वेळ पाहून म्हणाला, "कुठलंच नाही. आता सगळी सारखीच."

अक्कांनी कोरं नाणं त्या ओळीत सरकवलं, सगळ्यांच्या मधे. "हां. आता ही पण ह्यांच्यातली."

"अक्का," मनोहर म्हणाला. त्याचा आवाज वखारीतल्या पोत्यासारखा कोरडा होता. "माझं होतं ते. तू म्हणालीस ना, ज्याचं त्याचं."

"म्हटलं होतं. मी मोडलं. तुला न विचारता तुझं मोडलं, तर भरपाई नको?" आणि अक्कांनी साबण लावून आधीच सैल केलेल्या पाटल्या एकेक करून काढल्या आणि पानावर ठेवल्या. "विकायचं तर हे वीक. ह्याच्यावर कुणाचं नाव नाही."

शोभा तोंडाला पदर लावून उभी होती. वसंत म्हणाला, "अक्का, बिडु, सोड हे, घाल त्या परत." ते तो अक्कांना म्हणाला, पण बघत होता मनोहरकडे.

मनोहरनं पाटल्या घेतल्या. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आज नाही येत. त्यानं नाही म्हटलं असतं, तर अक्का उरलेल्या आयुष्यभर त्याच्यापुढे मान खाली घालून वावरल्या असत्या. आपल्या आईला तशी बघण्यापेक्षा त्यानं पाटल्या घेतल्या. साइट झाली. कागद करताना त्यानं दोघा भावांची नावं घातली, कुणी न सांगता. नवा स्टोव्ह दिवाळीच्या सुमारास माझ्या खोलीत आला. अक्का म्हणाल्या, "तुला चहाला होईल ग. इथं कुणाला लागतोय?"

केतननं मात्र हाय खाल्ली होती. पुढच्या रविवारी तो स्वतःच्या संग्रहातलं एक नाणं घेऊन आला, तिरक्या ठशाचं. "अक्का, हे तुमच्या पिशवीत ठेवा. माझ्यामुळं झालं सगळं." अक्कांनी ते कौतुकानं पाहिलं, कडेवर अंगठा फिरवला आणि त्याच्या खिशात परत घातलं. "तू विकत आणलंयस रे हे. असं चालत नाही. बस, जेव."

त्या रिकाम्या मनगटांनी त्या आणखी किती तरी वर्षं चटणीपूड कांडत राहिल्या. मी शिकले, परीक्षा दिल्या, मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली माणसं पाहिली. वाटणी करताना सगळ्यांना वाढवून देणारी माणसं असतात. सगळ्यांचं सारखं कमी करून घर वाचवणारं, आणि त्यात स्वतःचं सगळ्यांत जास्त कमी करणारं माणूस मी एकच पाहिलं.

माझी बदली बेळगावला झाली तेव्हा दशक संपत आलं होतं. त्याच सुमारास, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, शोभाला दिवस गेले होते. अक्कांच्या पायाला पंख फुटले. पण तोंडावर काळजी. "बाळ येईल ग, पण नाणं?" त्या म्हणायच्या. "ह्या नव्या मशिनी फार शहाण्या झाल्यात. चुकतच नाहीत."

निघायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सांबारपुडीचा डबा दिला आणि "पोचलीस की कळव, बीकॉम," म्हणून बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मला जरा लागलं. निरोपाला दारात थांबतील असं वाटलं होतं.

माझी रिक्षा सिटी मार्केटपाशी गर्दीत अडकली तेव्हा त्या दिसल्या. एका लिंबूवालीपुढे उभ्या होत्या. एक लिंबू घेऊन मोठी नोट दिली असणार, कारण ओंजळभर सुटे पैसे त्या घेत होत्या. मागे रांग खोळंबली होती. "बेग बेग अम्मा!" म्हणून एक हमाल ओरडला. अक्कांनी वळूनही पाहिलं नाही. एकेक नाणं उचलून, उन्हाकडे धरून, पालथं करून, कडेवरून अंगठा फिरवून त्या पदरात टाकत होत्या. सरळ. सरळ. हेही सरळ.

मी हाक मारणार होते. पण त्यांनी एक नाणं उचललं, पालथं केलं, आणि ते पदरात टाकायच्या ऐवजी पुन्हा उन्हाकडे धरलं. डोळे बारीक करून धरलं. लिंबूवाली काहीतरी बोलत होती.

तेवढ्यात गर्दी फुटली आणि रिक्षा पुढे निघाली.